आरएक्स १०० : पुढच्या शॉकअपचं ऑइल मिलीनं भरायचं की लेव्हल बघून?

होटगी_रोड
१९९३ ची आरएक्स १००. पुढच्या दोन्ही शॉकअपचे ऑइल सील बदलून घेतले, पण ऑइल अंदाजानं ओतलं गेलंय. ब्रेक दाबला की पुढचा भाग खाली जाऊन खटकन आपटतो. दोन्हीकडचं ऑइल काढून मोजलं तर डावीकडे १२० मिली निघालं, उजवीकडे १४५. माझ्याकडच्या फाटक्या मॅन्युअलात दर बाजूला किती मिली ते आहे, लेव्हल नाही. मापून ओतलं की झालं का? आणि लेव्हल घ्यायचीच तर कुठून कुठपर्यंत मोजायची?

टू_स्ट्रोक_सोलापूर
मिली ही नुसती सुरुवात, काम लेव्हलवरच संपतं. दांडा (शॉकअपची एक अख्खी बाजू) कितीही उलटा धरून निथळला तरी आतल्या भोकं असलेल्या डॅम्पर रॉडभोवती आणि बॉटमच्या (पाइप ज्यात सरकतो तो खालचा भाग) तळाला थोडं ऑइल राहतंच, आणि दोन्हीकडे सारखं राहत नाही. खोलून पुसून कोरडा जोडलेला दांडा आणि नुसता निथळलेला दांडा यांत दहा-वीस मिलीचा फरक सहज पडतो.

आता हा फरक उंचीत बघा. पाइपाचा आतला व्यास २६ मिमी धरला तर ५.३ मिली म्हणजे १० मिमी. तुमचा २५ मिलीचा फरक म्हणजे पावणेपाच सेंटीमीटर! स्वतःच्या पाइपाचा व्यास व्हर्नियरनं घ्या आणि हाच हिशोब करा.

मोजायची रीत अशी. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. वरचं झाकण दांडा टीमध्ये (दोन्ही दांडे वर धरून ठेवणारा क्लॅम्प) घट्ट असतानाच सैल करून ठेवा, बाहेर काढल्यावर पाइप हातात फिरत राहतो. जुन्या हंड्रेड सीसीत झाकण दोन तऱ्हेचं दिसतं, आट्याचं किंवा तारेच्या सर्कलिपवर बसलेलं. सर्कलिपवालं असेल तर स्प्रिंग खाली दाबून धरूनच क्लिप काढा आणि तोंड त्या रेषेत आणू नका. स्प्रिंग सुटली की झाकण बंदुकीच्या गोळीसारखं येतं.

मग दांडा बाहेर, स्प्रिंग बाहेर, ऑइल भरून पाइप सावकाश वरखाली करा. दहा-पंधरा वेळा, जोपर्यंत पूर्ण लांबीभर सारखा जोर लागत नाही तोपर्यंत. घाईनं पंप केलात तर फेस होतो आणि फेसाची लेव्हल खोटी. दहा मिनिटं उभा ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या. आता पाइप पूर्ण खाली बसवा, दांडा ओळंब्यात उभा धरा, आणि पाइपाच्या वरच्या काठापासून ऑइलपर्यंत किती मिमी ते घ्या. स्प्रिंग आत असताना किंवा पाइप वर ओढलेला असताना घेतलेलं माप कुणाच्याच कामाचं नाही.

आकडा हातात नाही म्हणता, तर एक दांडा पूर्ण खोलून कोरडा करा, मॅन्युअलातले मिली ओता, हवा काढा, लेव्हल घ्या. तोच तुमचा आकडा. दुसरा दांडा मिली न बघता त्या आकड्याला आणा, फरक १ मिमीपर्यंत चालेल.

बाळे_गॅरेज
वरच्या भाऊंचं बरोबर. फक्त सायकलचा स्पोक बुडवून ओली खूण बघत बसू नका, ऑइल स्पोकवर चढतं. ६० मिलीची सिरिंज घ्या, पुढे पितळेची बारीक सरळ नळी, नळीवर घट्ट बसणारा रबराचा तुकडा. नळीच्या टोकापासून रबरापर्यंत हवी ती लेव्हल व्हर्नियरनं लावा. ऑइल पाच-दहा मिली जास्तच ओता, रबर पाइपाच्या काठावर टेकवा आणि ओढत राहा. सिरिंजमध्ये हवा आली की लेव्हल आली. दुसऱ्या दांड्याला रबर न हलवता तेच करायचं, म्हणजे दोन्ही सारखे होणारच.

जुळे_सोलापूर_९१
दांडे न काढता गाडीवरच सिरिंज घातली तर? टीचे बोल्ट गंजलेत.

टू_स्ट्रोक_सोलापूर
चाक-मडगार्ड काढून बॉटम वर ढकलून धरलात तरी दांडा तिरका आणि ऑइल आडवं. सत्तावीस अंश तिरका धरला तर २६ मिमीच्या पाइपात पुढच्या नि मागच्या काठाला १३ मिमीचा फरक येतो. दोन्हीकडे नळी अगदी एकाच जागी धरलीत तर दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतील, पण तो आकडा मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघू नका. त्यापेक्षा टीच्या बोल्टला रात्रभर गंजाचं तेल मारून ठेवा की ओ.

एमआयडीसी_लूम
उन्हाळ्यात इथं पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे पातळ फोर्क ऑइल अजून पातळ होतं. इंजिनचं २० डब्ल्यू ४० टाकावं, आपटणं थांबेल.

बाळे_गॅरेज
साहेब, इथंच गल्लत होते. आपटणं हे जास्त करून स्प्रिंग आणि हवेचं काम, ऑइलचा जाडपणा मुख्यतः वेगावर लगाम घालतो. २० डब्ल्यू ४० चाळीस अंशाला शंभर सेंटिस्टोकच्या (ऑइलच्या जाडपणाचं माप) पुढे असतं. आयएसओ व्हीजी ३२ हायड्रॉलिक ऑइल त्याच तापमानाला ३२, आणि बऱ्याच कंपन्यांचं १० नंबर फोर्क ऑइल त्याच्याच आसपास. म्हणजे तिप्पट जाड. डॅम्पर रॉडच्या भोकातून ते वेळेत निघत नाही, मंगळवेढा रोडच्या सलग खड्ड्यांत शॉकअप परत वर यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि दांडा खालीच अडकून राहतो. मग लोक म्हणतात स्प्रिंग बसली. फोर्क ऑइलवरचा नंबरही कंपनीगणिक बदलतो, डब्यामागचा सेंटिस्टोकचा आकडा वाचा.

हवेचं गणित सांगतो. समजा पाइप बाहेरून ३० मिमी, आतून २६, चाल ११० मिमी. ऑइलच्या वर १५० मिमी मोकळं असेल तर पूर्ण दबल्यावर आतल्या हवेचा दाब साधारण दुप्पट होतो. ६० मिमी ठेवलंत तर जवळपास साडेतीनपट, ३० मिमीला सहापटीच्या घरात. स्प्रिंगनं खाल्लेली जागा यात धरलेली नाही, म्हणजे प्रत्यक्षात याहून जास्तच. त्यामुळे लेव्हल वाढवली की सुरुवातीची चाल जवळपास तशीच राहते, शेवटचा भाग तेवढा कडक होतो. तुम्हाला हवं आहे ते हेच, पण ५ मिमीच्या टप्प्यानं. एकदम दहा-वीस मिली जास्त ओतलं की नवीन सील पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ओठ टाकतं.

किती चाल वापरली जाते ते बघायला पाइपावर केबल टाय सैलसा बांधा, रबरी बेलो असेल तर वर सरकवून. जोरात ब्रेक मारून टाय कुठं थांबतो बघा. शेवटाला टेकत असेल तर लेव्हल ५ मिमी वर, म्हणजे काठापासूनचं माप ५ मिमी कमी.

होटगी_रोड
कळलं. जोडताना काही राहतं का?

टू_स्ट्रोक_सोलापूर
तीन गोष्टी. झाकण लावताना पाइप पूर्ण वर ओढलेला हवा. दबलेल्या स्थितीत झाकण लावलंत तर पाइप वर आल्यावर आत ओढ तयार होते आणि पुढचा भाग कायम खाली राहतो. बॉटमच्या तळाच्या ॲलन बोल्टखालचा तांब्याचा वॉशर नवीन घाला. तिथून गळती असेल तर सील कितीही बदला, लेव्हल उतरतच राहणार. चाक बसवल्यावर एक्सलचा नट शेवटी कसा. आधी गाडी स्टँडवरून उतरवून ब्रेक धरून पुढचा भाग चार-पाचदा दाबा, दांडे आपापल्या जागी समांतर येऊ द्या, मग नट. आधीच कसलात तर दांडे एकमेकांना ओढतात, चाल अडखळते, आणि दोष ऑइलवर जातो.