डेंग्यूत बघायचं काय : प्लेटलेट की पीसीव्ही?

गोदाकाठ : पावसाळा सरत आला की नाशकात एकच प्रश्न : "पेशी किती?" सिडको असो की पंचवटी, नातेवाईक रिपोर्टात तेवढीच, म्हणजे प्लेटलेटची, ओळ शोधतात. माझ्या मते खरी ओळ पीसीव्हीची, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के आहे त्याची. डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो बहुतेक वेळा प्लाझ्मा (रक्तातला द्रव) रक्तवाहिन्यांबाहेर झिरपल्यामुळे. रक्त दाट होतं, पीसीव्ही चढतो. मूळ आकड्यापेक्षा २० टक्के वाढ म्हणजे गळती चालू. गोम अशी, की ॲनिमिक बाईचा पीसीव्ही ३० वरून ३६ झाला तर रिपोर्ट त्याला नॉर्मल म्हणतो! म्हणून तापाच्या पहिल्या तीन दिवसांतला सीबीसी (रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्ट) हाताशी हवाच.

पेठनाका : सुरगाण्याचा पेशंट पाचव्या दिवशी येतो, पहिला सीबीसी आणायचा कुठून? तोवर दोन सलाईन लागलेल्या, रक्त पातळ, पीसीव्ही खाली. पोटात रक्तस्राव असला तरी खालीच. शिवाय बहुतेक यंत्रं पीसीव्ही थेट मोजत नाहीत, लाल पेशींची संख्या आणि एमसीव्ही (एका लाल पेशीचं सरासरी आकारमान) गुणून काढतात. लॅब बदलली की आकडा हलतो. प्लेटलेट लाखाखाली भराभर घसरल्या की पेशंट निदान ॲडमिट तरी होतो.

काचपट्टी : आकडा १८ हजार आणि अंगावर एक ठिपका नाही? आधी रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघा. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) कधीकधी प्लेटलेटचे पुंजके होतात, यंत्र ते धरत नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घ्या, आलेला आकडा १.१ने गुणा.

गोदाकाठ : ॲडमिट करायला ना कोणाची? पुढे जंबो पॅकसाठी (एकाच दात्याच्या प्लेटलेटची मोठी पिशवी) रक्तपेढ्या पालथ्या घालतात, त्याला हरकत आहे. रक्तस्राव नसेल तर आकडा १० हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवायचं कारण नाही, आणि चढवून गळती थांबत नाही. डब्ल्यूएचओच्या २००९ च्या धोक्याच्या खुणांतही नुसत्या प्लेटलेट नाहीत : त्या झपाट्याने उतरताना पीसीव्ही चढतोय का, हे बघायचं. जुना रिपोर्ट नसेल तर अल्ब्युमिन (गळतीत कमी होणारं रक्तातलं प्रथिन) करा, सोनोग्राफीत छाती-पोटात पाणी बघा.

पेठनाका : रात्री तालुक्याला सोनोग्राफी! त्यापेक्षा बीपीचा पट्टा बरा. ताप उतरल्यावरचे २४ ते ४८ तास खरे नाजूक, आणि नेमका तेव्हाच "बरं वाटतंय" म्हणून डिस्चार्ज मागतात. वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर २० वर आलं, समजा १००/८०, हातपाय गार, लघवी कमी, की सीबीसीची वाट न बघता सलाईनचा वेग वाढवायचा आणि गाडी नाशिककडे काढायची.

गोदाकाठ : हे मान्य. पण सलाईन लावण्याआधी पीसीव्हीचं रक्त तेवढं काढून ठेवा. दोन मिनिटं लागतात.