घरी तेलुगू, लेखन मराठीत: कथालेखनाची सुरुवात कशी करावी?

पूर्वभागातली यांचा प्रश्न

नमस्कार. मी सोलापुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आमच्या घरात तेलुगू बोलली जाते, पण शाळा मराठी माध्यमाची असल्यामुळे लिहायला बसले की मराठीच सुचते. अकरावीपासून मी कथा लिहिते आहे. त्यांतील बहुतेक अर्ध्यावर थांबतात, आणि ज्या पूर्ण होतात त्या कुठल्या तरी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये घडतात, जिथे मी कधी राहिलेले नाही. आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट असतो, आई आणि शेजारच्या बायका ओसरीवर बिड्या वळत असतात. हे कथेत कोणाला वाचावेसे वाटेल, अशी शंका मनातून जात नाही. शिवाय ही माणसे कथेत बोलणार तरी कोणत्या भाषेत? ती खरे तर तेलुगूत बोलतात आणि मध्येच मराठी, कधी दखनी बोलतात. मराठी शुद्धच लिहिली पाहिजे, असे आमचे सर सांगतात.

आणखी एक अडचण आहे. एका प्रकाशकाने फोनवर सांगितले की, ठरावीक रक्कम भरली तर माझा कथासंग्रह दोन महिन्यांत निघेल. वडील पैशांची जुळवाजुळव करायला तयार आहेत आणि मला त्याचेच दडपण आले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

जुना वाचनालयवाला यांचे उत्तर

पुण्यातल्या फ्लॅटची कथा लिहू नये असा काही नियम नाही. अडचण एवढीच आहे की त्या फ्लॅटचे भाडे किती, ते कोणत्या तारखेला द्यावे लागते, शेजारी दार उघडताना आधी साखळी लावतो की नाही, हे तुम्हाला माहीत नाही, आणि जे माहीत नाही तिथे लेखक नकळत पात्रांना खिडकीपाशी उभे करून विचार करायला लावतो. ओसरीवरच्या बायकांबद्दल तुम्हाला असे करण्याची गरजच पडणार नाही. तेंदूची पाने आदल्या रात्री भिजवावी लागतात, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्री चालवावी लागते, तंबाखू भरून पान वळले की दोरा गुंडाळून तोंड मुडपायचे असते, मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने मिळते आणि कारखान्यात माल देताना त्यातल्या काही बिड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातात, ही सगळी माहिती तुमच्या हाताशी आहे. पण नुसती माहिती लिहिली तर तो अहवाल होईल. कथा तेव्हा सुरू होते, जेव्हा बाजूला काढलेल्या बिड्यांचा आकडा आई घरी कमी करून सांगते आणि तो खोटा आहे हे मुलीला ठाऊक असते.

‘आई फार कष्टाळू होती’ असे वाक्य तुमच्या वहीत कुठे तरी असणार, असा माझा अंदाज आहे. ते खोडा, आणि आई बोलता बोलता बिड्या वळते आहे, हात एकदाही अडखळत नाही, आणि फीचा विषय निघाल्यावर मात्र तिच्या बोटांतला दोरा मध्येच थांबतो, एवढेच लिहून पाहा. कष्टाळू हा शब्द वापरण्याची गरज उरणार नाही.

एका मोहापासून मात्र सावध राहा. सोलापूरची कथा म्हटली की चादर, सिद्धेश्वरांच्या यात्रेतला गड्डा आणि शेंगाचटणी आलीच पाहिजे, असे काही नवलेखकांना वाटते. ती यादी पाहुण्यांसाठी असते. सिद्धेश्वरांची यात्रा कथेत आणायचीच असेल, तर नंदीध्वजांचे वर्णन करण्यापेक्षा त्या जानेवारीत तुमच्या घरी कोण मुक्कामाला आले, त्यांचे अंथरूण कोणाच्या जागेवर पडले आणि त्यावरून कोण कोणाशी दोन दिवस बोलले नाही, ते सांगा. इतिहासाचेही तसेच आहे. 1930 साली या शहरात लष्करी कायदा लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिले गेले, हे आपण सगळे शाळेत शिकलो; परंतु त्या दिवसांत तुमच्या पणजीने दारे कधी लावली आणि घरात काय शिजवले, हे कोणाच्या आठवणीत असेल तर ते आजच विचारून घ्या, कारण ते कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

भाषेविषयी माझे मत असे आहे. निवेदन तुम्हाला सहज येते त्या प्रमाण मराठीत असू द्या. संवादांत मात्र पात्राला आपल्या लयीत बोलू द्या. ‘काय करलालास बे’ असे विचारणाऱ्या रिक्षावाल्याच्या तोंडी ‘आपण काय करीत आहात’ घातले, तर तो माणूसच कथेतून उतरून जाईल. तेलुगू संबोधने, शिव्या, लाडाचे शब्द आणि देवाचे उद्गार तसेच ठेवा, बाकीचा संवाद मराठीत द्या, आणि तेलुगू शब्दापुढे कंसात अर्थ देऊ नका. ‘अम्मा’ कोणाला म्हणतात हे वाचकाला प्रसंगावरून कळते. तुमचे सर चुकीचे सांगत नाहीत, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकाला अडखळवतात. पण शुद्धलेखन आणि पात्राची बोली या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 2006 साली आपल्या शहरात भरलेल्या एकोणऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली होते. जन्म सोलापूरचा, आडनाव तेलुगू आणि लेखन मराठी, त्यामुळे या गावात तुम्ही काही विपरीत करीत आहात असे मानू नका.

पावसाळ्यात कथा वाचणारा यांचे उत्तर

मी एका छोट्या दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचून निवड करण्याचे काम करतो, त्यामुळे माझे उत्तर थोडे रुक्ष वाटेल.

अर्धवट राहिलेल्या कथांचे काय करायचे ते आधी सांगतो. त्यांतली सर्वांत छोटी निवडा आणि ती वाईट का होईना, पण शेवटापर्यंत न्या. अर्धवट कथा सुधारता येत नाही, कारण तिचा कोणता भाग अनावश्यक आहे हे शेवट माहीत झाल्याशिवाय कळतच नाही. पूर्ण झाल्यावर ती काही आठवडे बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जिथे तुमची जीभ अडखळेल तिथे वाक्य बिघडलेले असते, आणि जिथे तुम्हीच भरभर वाचू लागाल तिथला मजकूर बहुधा काढण्यासारखा असतो. माझ्याकडे येणाऱ्या नवोदितांच्या कथांत पहिली दोन पाने पात्रांची कौटुंबिक पार्श्वभूमी सांगण्यात जातात आणि खरी कथा तिसऱ्या पानावर सुरू होते. ती पाने झाकून वाचून पाहा. काही अडत नसेल तर काढून टाका.

कथा दाखवायची असेल तर अशा एका माणसाला दाखवा, जो ‘इथे मला कंटाळा आला’ असे स्पष्ट सांगू शकतो. व्हॉट्सॲपच्या गटावर येणारे अंगठे आणि फुले यांचा लेखनाला उपयोग नाही. (घरच्यांची स्तुतीही याच वर्गात धरावी, आणि निंदासुद्धा.)

पाठवण्याविषयी: मराठीत दिवाळी अंकाची परंपरा 1909 सालच्या ‘मनोरंजन’च्या अंकापासून धरली जाते आणि आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात, त्यामुळे पहिली कथा छापून येण्याची मराठीतली नेहमीची वाट हीच आहे. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असली तरी अंकाची जुळणी उन्हाळ्यातच सुरू होते. गणपतीत पाठवलेली कथा कितीही चांगली असली तरी तिला जागा मिळणे कठीण असते. ज्या अंकाला पाठवायची आहे त्याचा मागच्या वर्षीचा अंक आधी वाचा, कथा युनिकोडमध्ये टंकलिखित करा, एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा आणि उत्तर आले नाही तर दीड-दोन महिन्यांनी एकदाच नम्रपणे विचारा. मानधन किती मिळते, हा प्रश्न पहिल्या वर्षी न विचारलेला बरा. तो विचारू नये असे नाही, पण उत्तर ऐकून वाईट वाटते.

काळा कोट यांचे उत्तर

प्रकाशकाच्या प्रस्तावाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. स्वखर्चाने पुस्तक काढणे बेकायदेशीर नाही आणि कमीपणाचेही नाही. मात्र तुमच्याजवळ अजून संग्रहाएवढ्या पूर्ण कथाच नसताना जो माणूस हस्तलिखित न वाचता दोन महिन्यांची मुदत देतो, त्याला तुमच्या कथांशी काही देणेघेणे नाही, एवढे त्यावरून समजावे. वडिलांना तूर्त थांबायला सांगा.

पुढे कोणाशीही करार करताना पुढील बाबी लक्षात ठेवा. कॉपीराइट कायदा 1957 नुसार कथा लिहिताच तिचा हक्क तुमचा होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि लेखकाच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षे तो टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे शब्द दिसले तर तिथे थांबा आणि अनुवाद, ध्वनिपुस्तक व चित्रपट यांचे हक्क वेगळे काढून मागा. प्रती किती छापणार, तुम्हाला किती मिळणार आणि विक्रीचा हिशेब कधी देणार, हेही कागदावर यायला हवे.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. संग्रह खरोखर तयार होईल तेव्हा त्या वर्षीचे निवेदन पाहून अर्ज करावा. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी असतो, म्हणजे तुमच्या हातात भरपूर अवधी आहे.

आधी वाचा यांचे उत्तर

वरच्या उत्तरांत वाचनाचा उल्लेख जवळजवळ नाही, याचे आश्चर्य वाटले. हिराचंद नेमचंद वाचनालयाचे सभासद व्हा. आवडलेली एक कथा संपूर्ण हाताने उतरवून काढा आणि समासात खुणा करा: काळ कुठे पुढे सरकला, नवे पात्र कोणत्या वाक्यात आले, संवाद संपून निवेदन कुठे सुरू झाले. कंटाळवाणे काम आहे, पण कार्यशाळेची फी वाचते. तेलुगू वाचता येत नसेल तर लिपी शिका. दोन भाषांचे कथाकार वाचण्याची सोय घरबसल्या असताना ती सोडू नये.

पूर्वभागातली यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांशी बोलले, पैशांचा विषय सध्या थांबला आहे. बाजूला काढलेल्या बिड्यांचा आकडा कमी करून सांगणारी आई ही कल्पना वाचून मी दचकले, कारण आमच्या घरी हे माझी मावशी करते. तिच्यावरच लिहावेसे वाटते आहे. पण कथा छापून आली तर गल्लीतला प्रत्येक जण तिला ओळखेल. नाव बदलले तर पुरे होईल का?

पावसाळ्यात कथा वाचणारा यांचे उत्तर

नुसते नाव बदलून भागणार नाही, कारण गल्ली माणसाला नावावरून कमी आणि परिस्थितीवरून जास्त ओळखते. पहिला खर्डा मात्र कोणाचाही विचार न करता, मावशी जशी आहे तशीच डोळ्यांसमोर ठेवून लिहा. दुसऱ्या खर्ड्यात तिचे वय, मुलांची संख्या आणि घरातले नाते बदला, आणखी एखाद्या बाईची सवय तिला द्या, आणि आकडा लपवण्याचे कारण तुमच्या कथेला हवे ते ठेवा. असे केल्यावर बहुतेक वेळा पात्र मूळ माणसापासून सुटून स्वतंत्र होते आणि कथाही सुधारते. तिने तुम्हाला विश्वासाने सांगितलेली एखादी गोष्ट तरीही त्यात राहिली असेल, तर अंकाकडे पाठवण्याआधी कथा तिला वाचून दाखवा. तुमच्या घरातली पद्धत पाहता ती तेलुगूतच सांगावी लागेल, आणि सांगताना तुम्ही कोणता भाग आपोआप गाळलात, तेवढे वहीत टिपून ठेवा.