साहेब आले, रस्ता बंद : तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठचा
आज ऑफिसातून येताना संभाजीनगरच्या क्रांती चौकात टेम्पोतून रस्ता अडवायच्या बल्ल्या उतरवायलेले बघितले. म्हणजे कुणीतरी मोठं येणार. रात्रीतून दुभाजक रंगणार, सकाळी जालना रोड आपला नाही. बल्ल्या दिसल्या की मला आमची आज्जी आठवते.

आमचं गाव तालुक्याचं, मसनवाटा हायवेच्या पलीकडं. आज्जी गेली त्या दिवशी नेमका एका साहेबांचा दौरा. तिरडी उचलली, पुढं काका शिकाळं धरून. हायवेच्या तोंडाशी पोलिसांनी दोर धरलेला. "पाचच मिनिटं थांबा." त्यांची पाच मिनिटं काही केल्या संपेनात. मडक्यातनं धूर निघायला लागला तसा साध्या कपड्यातला एक जण आला, "यात काय आहे?" काका म्हणले, "इस्तू हाय, दुसरं काय असतंय?" तरी तो वाकलाच. गोवरीचा धूर नाकात गेला आन् खोकत मागं सरला. हसू यायला लागलेलं, पण अशा वेळी हसणार कसं?

खांदे बदलून बदलून माणसं दमली. शेवटी जाणते म्हणले, विसावा इथंच द्या. खाली ठेवलं ते बरोबर देशी दारूच्या दुकानापुढं. बंदोबस्तामुळं शटर बंद होतं. आज्जोबांपायी ज्या दुकानाला आज्जीनं जन्मभर शिव्या घातल्या, तिथंच तिचा विसावा! मग सायरन, काळ्या काचा, सूं करून गाड्या गेल्या. दोर धरलेल्या एका पोरसवदा हवालदारानं मात्र ताफ्याकडं पाठ करून, टोपी काढून आज्जीला हात जोडले.

तुमच्याकडचं सांगा.

लातूरची आई
नीट! ५ मे २०२४. आमच्याकडं लोकसभेच्या प्रचाराचा शेवटचा दिवस आणि नीटचा पेपर एकाच दिवशी. दीड वाजता गेट बंद होतं म्हणजे होतंच, तिथं रडून भागत नाही. रॅलीसाठी आधीच्या चौकातच गाडी अडवली. लेकरानं दोन वर्षं सणवार बघितला नाही हो. खाली उतरलो आणि पळत सुटलो. ते पुढं, मी मागं, माझी चप्पल तुटली, ती हातात घेतली. ऊन तर तुम्हाला माहितीये लातूरचं मेमधलं. आत गेलं एकदाचं. बाहेर टपरीवाल्या काकांनी मला न मागता पाणी दिलं आणि बसायला कॅरेट दिलं. कुकर लागलाय, बाकीचं नंतर.

मोंढ्यातला
ताई मग लागला का नंबर?

लातूरची आई
लागला लागला. बीएएमएसला.

मोंढ्यातला
अभिनंदन! पेढे कधी?

खाकीतला
नाव-गाव सांगत नाही, नोकरी आहे. आम्हाला बंदोबस्ताला वाहनात कोंबून परजिल्ह्यात नेतात. मुक्काम झेडपीच्या शाळेत. पहिलीच्या वर्गात फळ्यावर "आज उपस्थित मुले" लिहिलेलं असतंय आणि खाली आम्ही सतरंजीवर ओळीनं आडवे. पहाटे पॉइंटवर सोडतात ते साहेबांचं विमान उडेपर्यंत. पॉइंट सोडायचा नाही. पुरी-भाजीचं पाकीट येतं, उन्हात तासाभरात भाजी तार सोडते. लेडीज स्टाफचे हाल तर विचारूच नका. पाणीच पीत नाहीत त्या, कारण जायचं कुठं? कुणाच्या तरी घराची कडी वाजवून विनंती करावी लागते.

एक गंमत सांगतो. आमचं तोंड कायम गर्दीकडं. इतक्या बंदोबस्तांत मी साहेब असा बघितलाच नाही, नुसता गाड्यांचा वारा पाठीला लागतो. लोक शिव्या देतात त्या मात्र समोरून, तोंडावर. आज्जीला हात जोडणारा आमच्यातलाच कुणीतरी असणार, बरं वाटलं वाचून.

रिटायर मास्तर
सर्वांच्या भावना समजतात. परंतु १९८४ ला इंदिराजींची हत्या झाली, त्यानंतर १९८५ ला पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठी एसपीजी हे खास दल उभं राहिलं, १९८८ ला कायदा झाला. १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी गेले तेव्हा ते माजी पंतप्रधान होते आणि एसपीजीचं कवच त्यांच्याकडं नव्हतं. हार घालण्याच्या निमित्तानं जवळ आलेल्या बाईनं स्फोट घडवला. त्यामुळं मडक्यात वाकून बघणाऱ्या त्या माणसाला मी दोष देणार नाही.

मोंढ्यातला
मास्तर, पंतप्रधानांचं कबूल. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर एसपीजी म्हणजे पदावरचे पंतप्रधान आणि त्यांच्यासोबत राहणारं कुटुंब, शिवाय पद सोडल्यावर पाच वर्षं. बस्स. इथं आमचा मोंढा बंद पडतो तो वाय आणि झेड दर्जाची सुरक्षा असलेल्यांपायी. त्यांच्या पुढं-मागं पळणाऱ्या गाड्यांतल्या निम्म्या तर कार्यकर्त्यांच्याच असतात, त्यांना कुणापासून धोका हाय? झालाच तर त्यांच्यापासून आपल्याला.

हर्सूलवाली
१ मे २०१७ पासून लाल दिवे गेले म्हणे. दिवा गेला, भोंगा राहिला 😂

हळदवाला
आमच्या शेजारच्या रानात हेलिपॅड केलं होतं. बांधकामवाल्यांनी रोलर फिरवला, विटाचा चुरा टाकला, चुन्यानं गोल काढून मधी मोठा एच. आधी ट्रायलला हेलिकॉप्टर येतंय हे आमच्या ध्यानीमनी नाही. आम्ही हळद शिजवून खळ्यावर वाळू घातलेली. ते असं खाली आलं आणि जी माती उठली! हळद कोणती, माती कोणती कळंना. गोठ्यावरचे दोन पत्रे उडून पलीकडच्या विहिरीत. म्हैस दावं तोडून जी पळाली ती संध्याकाळी पाव्हण्याच्या गावात सापडली. हळद पुन्हा झटकून, घोळून पॉलिशला नेली, तरी भावात मार बसलाच.

आता ऐका. कार्यक्रमाच्या दिवशी आभाळ आलं. साहेब मोटारीनं आले, मोटारीनं गेले. हेलिपॅड तसंच. पोरं त्याच्यावर क्रिकेट खेळायलीत, एच म्हणजे पीच.

नळदुर्गकर
पाणी मारलं असेल की धुळीसाठी. २०१६ आठवतं का? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं आणि तिकडं बेलकुंडला मंत्र्यांच्या हेलिपॅडवर दहा हजार लिटर पाणी मारल्याची बातमी आली होती. त्याच्या महिनाभर आधी लातूरच्या टाक्यांजवळ पाण्यावरून भांडणं नकोत म्हणून १४४ कलम लावलेलं. माणसांना जमावबंदी, टँकरला मोकळी वाट.

हळदवाला
आमच्याकडं मारलं नव्हतं पाणी. मारलं असतं तं हळद तरी वाचली असती.

मोंढ्यातला
😂😂 भाऊ

सिडकोवाली वहिनी
माझं उलटंय. मी म्हणते रोज यावं कुणीतरी. दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाला मुख्यमंत्री सिद्धार्थ उद्यानात झेंडावंदनाला येतात, त्याआधी आमचे रस्ते नवरीसारखे नटतात. २०२३ ला तर १६ तारखेला आख्खं मंत्रिमंडळच बैठकीला आलं होतं. जे खड्डे आमच्या अर्जांनी बुजले नाहीत ते दोन रात्रीत बुजले. मोकाट कुत्री गायब, उकिरड्यावर हिरवं कापड, दुभाजकात फुलांच्या कुंड्या. फक्त गतिरोधक काढून टाकले ते परत केलेच नाहीत. आता शाळेसमोरून पोरं ट्रिपल सीट बुंगाट जातात. त्यासाठी परत कोण यावं लागतं?

गोदाकाठचा
वहिनी, मार्ग आमच्या गल्लीतून न्या की. २०० मीटरच आहे.

जुना कार्यकर्ता
माझा अनुभव वेगळा. दौरा जाहीर झाला की आधी मला कळतं, कारण आदल्या दिवशी जमादार दारात. पूर्वी १४९ ची नोटीस द्यायचे, आता नव्या कायद्यात तिचा नंबर १६८ झालाय, कागद तोच. तुमच्याकडून शांततेचा भंग झाल्यास जबाबदार धरू वगैरे. आणि दौऱ्याच्या सकाळी "चला भाऊ". साहेब जिल्ह्याबाहेर पडेपर्यंत ठाण्यात बसायचं. आम्ही पीकविम्याचं निवेदन द्यायचं म्हणतो, चार ओळींचा कागद, त्याला एवढी भीती! आई आता विचारतसुद्धा नाही. जमादार दिसला की डबा भरते, आणि त्याच्यासाठी दोन भाकरी जास्तीच्या. त्यालाही घरचं मिळत नाही त्या दिवशी.

खाकीतला
भाऊ, मिरचीचा ठेचा असतो का डब्यात? 🙏

जुना कार्यकर्ता
असतो. या कधी. तुम्ही या म्हणजे वर्दी न घालता.

एसटीवाला प्रवासी
गाड्या मेळाव्याला गेल्या. एवढंच उत्तर मिळतं स्टँडवर. पोरींना कॉलेजातून गावी जायला साडेपाचची शेवटची गाडी, ती लाभार्थी आणायला गेलेली. काळीपिवळीवाल्यानं त्या दिवशी दुप्पट घेतले. आणि ज्यांना गाडीत घालून नेलं त्यांचे तरी हाल कमी का? माझी बायको बचत गटाकडून गेली होती. सकाळी सातला बसवलं, पाण्याची बाटली गेटवर ठेवा, काळी ओढणी काढा, छत्री काळी आहे ती बाहेर. बाहेर काळ्या छत्र्यांचा हा ढीग! परतताना बायकोनं चांगली दांडी असलेली एक उचलली, ती आमची नव्हती 😄 दुपारनंतर साहेब बोलले वीस मिनिटं. काय बोलले विचारलं तर म्हणे, "स्पीकर लांब होता, पण पुलाव बरा होता."

नळदुर्गकर
तुळजापूर कुणीच काढलं नाही? नवरात्रात चालत आलेली माणसं, पाय सोललेले, कडेवर लेकरं. रांग गाभाऱ्याजवळ आली की हमखास थांबते. आतून निरोप, कुणीतरी आलंय. एकदा माझ्यापुढं एक आराधी म्हातारी होती, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. ती मोठ्यानं म्हणली, "आई, तुझं पाव्हणं उरकलं की आम्हाला हाक मार गं." सगळी रांग हसली, दोरीपाशी उभा असलेला सेवेकरीसुद्धा. मग तिनं तिथंच बसून गाणं धरलं आणि आख्ख्या रांगेनं ओढलं तिच्यामागं. साहेब बाहेर पडले तेव्हा त्यांच्याकडं बघायला कुणी मान वर केली नाही.

लातूरची आई
वाचून काटा आला. उदे गं अंबे उदे 🙏

रिटायर मास्तर
किल्लारीच्या भूकंपाचं सांगतो, मघाशी मी बाजू घेतली म्हणून हेही सांगायला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. आम्ही शिक्षक मंडळी पुढच्या दिवशी भाकरी, चादरी घेऊन टेम्पोनं निघालो. औशाच्या पुढं रस्त्यावर एक बाजू बघ्यांच्या जीपगाड्यांनी भरलेली, आणि ताफा आला की दुसरीही मोकळी करायची. ढिगाऱ्यात माणसं होती हो अजून. त्या वेळी यंत्रणा कामाला लागायला मोठ्या माणसानं यावंच लागतं हेही खरं, आल्याशिवाय वरून हलत नाही काही. पण लष्कराचा एक जवान आमच्या टेम्पोच्या पायरीवर चढला आणि ड्रायव्हरला म्हणाला, शेतातून घे. काळी ओली जमीन. टेम्पो रुतला. भाकरीची गाठोडी डोक्यावर घेऊन गेलो.

हर्सूलवाली
काका 🙏

बीडकर सुगरण
विषय सोडून विचारते, रागवू नका. हळदवाले दादा, वसमतची का तुमची हळद? यंदाची आहे का शिल्लक? इथं दुकानात मिळते ती नुसता रंग.

हळदवाला
आहे ताई. घरची दळलेली पाहिजे का हळकुंड?

बीडकर सुगरण
दळलेली दोन किलो. ती हेलिकॉप्टरवाली नको पण 😄

हळदवाला
ती कधीच व्यापाऱ्याच्या गळ्यात गेली. ही चांगली आहे. परभणीहून बीडच्या एसटीत टाकून देतो शनिवारी, गाडी मेळाव्याला गेली नाही तं.