अक्षीच्या किनाऱ्यावर कार्तिकात पक्षी पाहायला नेमके केव्हा जावे?

प्रश्न :
या महिन्यात मी अलिबागजवळच्या अक्षीच्या किनाऱ्यावर दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा पूर्ण ओहोटी होती. पक्षी दूर पाण्याच्या कडेला ठिपक्यांएवढे दिसत होते आणि मी जवळ जाऊ लागलो की सगळा थवा उडून आणखी पुढे बसत असे. कुरव तेवढे ओळखता आले, लहान चिखल्यांमधला फरक मात्र कळला नाही. वेळ कशी ठरवावी आणि या चिखल्या कशा ओळखाव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ :
ओहोटीला पक्षी उघड्या पडलेल्या चिखलावर पांगतात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना आपल्याकडे आणते. म्हणून भरतीच्या दोन तास आधी पुळणीवर एका जागी बसून राहावे. वेळेसाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब उपयोगी पडतो : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजी वेळ मिळते. एकादशीला ती सव्वाआठ येते, म्हणजे उजाडता उजाडता बसता येते आणि किनारा पश्चिमेकडे असल्यामुळे ऊन आपल्या पाठीशी राहते. वेळ थोडी मागेपुढे होते, तेव्हा भरतीचे कोष्टकही पाहावे. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी फारसे चढत नाही. ते दिवस मी टाळतो.

उत्तर २ :
चिखल्या पाठमोरा होईपर्यंत थांबा. मानेमागून पांढरी पट्टी गेली असेल तर तो केंटिश चिखल्या. मान आणि पाठ सलग तपकिरी असेल तर बहुधा वाळूतला दुसरा चिखल्या, ज्याला पूर्वी सरसकट लेसर सँड प्लोवर म्हणत. लाटेच्या कडेने तुरुतुरु धावणारा फिकट, जवळजवळ पांढरा पक्षी दिसला तर तो सँडरलिंग समजावा. तो पुढे गेल्यावर ओल्या वाळूतले ठसे जरूर पाहा : त्याला मागचे बोट नसते, त्यामुळे प्रत्येक ठशात पुढची तीनच बोटे उमटतात.

उत्तर ३ :
थवा उडाला याचे वाईट वाटून घेऊ नका, पण पुन्हा त्याच्या दिशेने चालत जाऊ नका. यांतले कित्येक पक्षी मध्य आशिया आणि सायबेरियासारख्या दूरच्या प्रदेशांतून आलेले असतात, आणि भरतीचा वेळ हा त्यांच्या विसाव्याचा असतो. मोकाट कुत्री आणि पुळणीवर पळवलेल्या गाड्या त्यांना तेवढीही उसंत देत नाहीत. एका पायावर उभे असलेले पक्षी चोच पिसांतून काढून माना उंचावू लागले, की आपण फार जवळ आलो आहोत असे समजून तिथेच खाली बसावे.