फळ्याखालच्या वहीत लोक लिहितात त्याला म्हणायचं काय?

शहापूरचा फळेवाला
मंडळी, एका शब्दापाशी अडलोय. बेळगावात शहापूरला आमच्या घराच्या कट्ट्यावर, गल्लीच्या तोंडालाच एक फळा आहे. वडील त्यावर तिथी आणि सुविचार लिहायचे. मी दर रविवारी दहा-बारा ओळी लिहितो, मनात येईल ते. खाली खिळ्याला सुतळीनं दोनशेपानी वही बांधलेली आहे. वाचून कुणाला काही लिहावंसं वाटलं तर त्यात लिहावं. बरीच वर्षं हे सुखानं चाललं. आता वहीतच भांडणं लागलीत. एकानं दुसऱ्याचं आडनाव काढलं, कुणी भिशीची जाहिरात चिकटवली, कुणी गणपतीच्या वर्गणीचा हिशेब मागितला. त्या आठवड्यात फळ्यावर विषय होता चिमण्या!

म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावर नियम लावायचं ठरवलं. पहिलंच वाक्य लिहिलं, 'वहीत शेरे मारू नयेत.' शेजारचे सर (निवृत्त शिक्षक) वाचून म्हणाले, मग वही बांधलीस कशाला? त्यांच्या मते वाचणारा जे लिहितो तो शेराच, जन्मभर प्रगतिपुस्तकात तेच लिहीत आले. माझ्या डोक्यात मात्र शेरा म्हणजे कुचकट काहीतरी. मग ते काढून वर मोठ्या अक्षरात 'वाचकांसाठी सूचना' असं घातलं. दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर खाली पेनानं सहा सूचना आलेल्या: खडू जाड वापरा, संध्याकाळी दिवा लावा, आणि अशाच. लोकांनाही बोल लावता येईना.

गल्लीत निम्मे कन्नड वाचणारे आहेत, म्हणजे दोन्ही भाषांत लिहायचंय. तर प्रश्न असा, की वाचकानं लिहिलेल्या चार ओळींना सरळ, चांगलाही नाही आणि वाईटही नाही असा शब्द कोणता? नियम त्यानंतर.

खानापूरकर
अभिप्राय. विषय संपला. कन्नडमध्येही अभिप्रायच. 'निम्म अभिप्राय इल्लि बरेयिरि' (तुमचा अभिप्राय इथे लिहा) असं लिहा, दोन्हीकडचे समजतील.

निपाणीची अक्का
खानापूरकर, इतक्या लवकर संपवू नका की. मराठीत अभिप्राय हा गोड शब्द झालाय. पुस्तकाच्या मागच्या पानावर छापतात तो अभिप्राय. 'आपण अभिप्राय द्यावा' म्हटलं की माणूस पेन घेऊन 'स्तुत्य उपक्रम' असं लिहिणार आणि खाली सही करणार. मी बेळगावात कॉलेजला होतो तेव्हा प्रदर्शनाच्या दाराशी अशी वही असायची. अख्खी वही चाळलो, सगळीकडे स्तुत्य उपक्रम. एकानं तेवढं लिहिलं होतं, 'पंखा बंद आहे.' खरा अभिप्राय तोच.

पुण्याहून एक बेळगावकर
अक्का, 'चाळलो'? 'चाळली'.

निपाणीची अक्का
आमच्यात बायका मी आलो, मी गेलो असंच म्हणतात. तुम्ही पुण्याला जाऊन विसरला असाल.

जुना कारकून
शेऱ्यावर अन्याय होतोय म्हणून लिहितो. तीस वर्षं कचेरीत काढली. कुठलाही तक्ता घ्या, अनुक्रमांक, नाव, तपशील, आणि सगळ्यात शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात कुचकट काही नसतं. 'प्रत जोडली आहे', 'मयत', 'वारस नोंद बाकी', एवढंच. आणि हेच कन्नड तक्त्यात 'षरा' असतं. तोच शेवटचा रकाना, तोच शब्द. अरबीत 'शर्ह' म्हणजे उलगडून सांगणं. माझ्या मते शेरा आणि षरा दोन्ही तिथूनच आलेत. मी तर म्हणतो, फळेवाल्यांनी एका बाजूला शेरा आणि एका बाजूला षरा लिहावं, भांडण मिटलं.

आपल्याकडे षरा आला तो मुंबई इलाख्यामुळे. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, मराठी कारकुनांनी तो कन्नड कागदात नेला, असं माझं मत.

हुबळी-धारवाड फेरीवाला
मत चांगलंय, पण आज बंगळूरहून निघणाऱ्या कागदावरही षरा असतो. म्हैसूरच्या बाजूला कुठला आला मुंबई इलाखा?

जुना कारकून
मग आपणच दिला असेल त्यांना.

हुबळी-धारवाड फेरीवाला
आपण मराठी लोक सगळं आपणच दिलं म्हणतो. अडकित्ता कन्नडमधून घेतला ते कुणी आठवत नाही.

स्वभाषा
मूळ मुद्दाच चुकतोय. शेरा परका, कॉमेंट तर त्याहून परका. सरळ 'टिप्पणी' वापरा. संस्कृत आहे, कन्नडलाही चालतो. सावरकरांनी दिनांक, महापौर हे शब्द दिले तेव्हाही लोक हसले होते. आज बेळगावचा महापौर कोण म्हणून भांडताना कुणाला तो शब्द नवा वाटतो का?

जुना कारकून
टिप्पणी कचेरीत वेगळी असते हो. साहेबापुढे फाइल ठेवताना खालचा कारकून लिहितो ती टिप्पणी. त्यावर साहेब जे खरडतो तो शेरा. मी टिप्पणी लिहून लिहून म्हातारा झालो, शेरा लिहायची पाळी शेवटच्या दोन वर्षांत आली. हा फरक पुसू नका.

खानापूरकर
आणि स्वभाषा, परके शब्द काढायचे तर फळेवाल्यांचा नियमच लिहून होणार नाही. कागद फारसी, शाई फारसी, मालक अरबी, 'हरकत' अरबी. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, त्यात पेशव्याला पंतप्रधान केलं. लोक शेवटपर्यंत पेशवेच म्हणाले.

स्वभाषा
म्हणून प्रयत्नच करायचा नाही? पंतप्रधान शब्द आज रोज वापरता की नाही?

खानापूरकर
वापरतो, पण पेशव्यासाठी नाही.

हुबळी-धारवाड फेरीवाला
हे बरंय.

मार्कंडेय काठ
टीका शब्दाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? फळेवाल्यांनी 'टीका करू नये' असं लिहू नये, एवढं सांगायला आलो. आमच्या गावात सप्ताहात ज्ञानेश्वरी लागते. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवर टीका केली, म्हणजे नावं ठेवली का? टीका म्हणजे अर्थ फोडून सांगणं. आज टीका म्हटलं की धोपटणं. कन्नड पेपर वाचा, तिथंही 'टीके' म्हणजे आज दोष काढणंच. मला तर वाटतं, टीका वाईट अर्थाला लागली तेव्हाच शेरा, अभिप्राय या शब्दांवर तिच्या कामाचं ओझं आलं.

निपाणीची अक्का
हे मात्र पटलं. माझ्या सासूबाई पारायण करायच्या. वाड्यात कुणी कुणाच्या स्वयंपाकाला नावं ठेवली की म्हणायच्या, 'टीका करायची तर माउलींसारखी करा, नऊ हजार ओव्या लिहा.'

पुण्याहून एक बेळगावकर
'कॉमेंट' का नको? मी सांगतो, लिहा खुशाल, सगळ्यांना कळतं. आपण बोलताना हेच म्हणतो.

निपाणीची अक्का
तुम्ही मुलगी म्हणून कॉलेजच्या गेटवरून गेला नाहीत कधी. कट्ट्यावरची पोरं 'कॉमेंट मारायची'. कट्ट्यावर बांधलेल्या वहीवर 'कॉमेंट करा' लिहिलेलं बघून मी तर लांबूनच निघून जाईन.

पुण्याहून एक बेळगावकर
हं. हे डोक्यात आलं नव्हतं.

शहापूरचा फळेवाला
थांबा हो. सगळ्यांचे आभार, पण मी अजून तिथेच आहे. 'सूचना'चं कुणी सांगेल का? नगरपालिकेच्या जाहिरातीत 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' असं असतं. तिथे सूचना लोकांनी द्यायची. शाळेत मात्र 'सूचना : उद्या सुटी', तिथे ती आपण ऐकायची. एकच शब्द दोन तोंडांनी बोलतो. म्हणूनच माझ्या कागदाची वाट लागली.

हुबळी-धारवाड फेरीवाला
कन्नडमध्ये हा घोळ नाही. वरून येते ती 'सूचने', खालून जाते ती 'सलहे'. सूचनापेटीला तिकडे 'सलहा पेट्टिगे' म्हणतात. सलहे म्हणजे आपला सल्लाच की. तर मराठीतही पेटीला सल्लापेटी म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

खानापूरकर
मराठीत सल्ला फुकट दिला तर लोक रागावतात. सूचना केली म्हटलं की जरा नम्र वाटतं.

जुना कारकून
फळेवाले, मथळा 'नियम' असा करा. किंवा 'विनंती'. पण विनंती केली की कुणी ऐकत नाही. आमच्या कचेरीत 'कृपया थुंकू नये' या पाटीखालचाच कोपरा सगळ्यात लाल.

शहापूरचा फळेवाला
बरं, 'नियम'. आता नियमांची भाषा बघा. काल रात्री हे लिहिलंय, नावं ठेवायची मुभा आहे:

वैयक्तिक टीका करू नये. विषयांतर टाळावे. निनावी मजकूर ग्राह्य धरला जाणार नाही. आक्षेपार्ह मजकूर काढून टाकण्याचे सर्व अधिकार राखून ठेवण्यात आले आहेत.

मार्कंडेय काठ
हे कट्ट्यावरचं वाटत नाही, बँकेतलं वाटतं.

निपाणीची अक्का
'अधिकार राखून ठेवण्यात आले आहेत' म्हणे! कुणी राखलेत? ताट राखून ठेवतात. वही तुमची, सुतळी तुमची, 'नको ते असेल तर मी खोडीन' असं लिहा की. तुम्हीच खोडणार ना, का कोण अज्ञात शक्ती?

'वैयक्तिक टीका'ऐवजी 'उणीदुणी काढू नयेत' लिहा, आमच्या गल्लीतल्या आज्जीलाही कळेल. 'विषयांतर टाळावे' म्हणजे 'फाटे फोडू नयेत'. चिमण्यांवर लिहिलंय तर वर्गणी कशाला, हा फाटाच.

स्वभाषा
उणीदुणी, फाटे हे बोलीतलं झालं. नियमाला प्रमाण भाषा पाहिजे. उद्या वाद झाला तर 'फाटा म्हणजे नेमकं काय' असं विचारणारा निघेल.

निपाणीची अक्का
दोनशेपानी वहीसाठी कोर्टात कोण जाणार आहे?

जुना कारकून
बेळगावात काहीही कोर्टात जातं, अक्का. सीमाप्रश्नच बघा, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे.

खानापूरकर
कृपया त्या फाट्यावर नको. १ नोव्हेंबर (कर्नाटकाचा राज्योत्सव, इथल्या मराठी लोकांचा काळा दिवस) जवळ आला की तसंही वहीत दुसरं काही उरत नाही.

शहापूरचा फळेवाला
खरंय. मागच्या १ नोव्हेंबरची अख्खी आठ पानं मी फाडली आणि त्यावरूनच हे नियम निघाले. मराठीत लिहिणाऱ्यांची चार, कन्नडमध्ये लिहिणाऱ्यांची चार. मोजून. एकाचीच फाडली असती तर घराला दगड आले असते. त्यातली दोन पानं वाचण्यासारखी होती, दोन्ही बाजूंची एकेक. ती ठेवायला हवी होती असं आता वाटतं. म्हणूनच तो 'आक्षेपार्ह' शब्द घातला होता, पण आक्षेप कुणाचा हे मलाच ठरवता आलं नाही.

मार्कंडेय काठ
'फाडेन' हा नियम लिहू नका. 'खोडेन' लिहा. खोडलेलं खाली वाचता येतं, काय खोडलं ते लोकांना दिसतं. फाडलं की नाना गोष्टी जन्मतात.

पुण्याहून एक बेळगावकर
पाटीवर आता ६० टक्के कन्नड लागतं ना? तो नियम वहीला आहे का?

खानापूरकर
तो दुकानं, आस्थापना यांना. घरच्या वहीला नाही. तरी कन्नड अर्धा पुठ्ठा भरून लिहा, सलोखा राहतो.

स्वभाषा
'निनावी'वर कुणी बोललं नाही. निनावी, बेनामी की अनामिक? माझं मत अनामिक.

जुना कारकून
अनामिका म्हणजे करंगळीजवळचं बोट. बेनामी म्हटलं की जमिनीचा व्यवहार आठवतो. कचेरीत 'निनावी अर्ज' हाच शब्द. आणि गंमत सांगतो, निनावी अर्ज कुणी लिहिलाय ते अक्षरावरून सगळ्यांना माहीत असायचं. गल्लीतल्या वहीत तर माहीत असणारच. तो नियम गाळा.

हुबळी-धारवाड फेरीवाला
कारकून काका, शेरा जर इतका निरुपद्रवी तर 'ताशेरे ओढले' कुठून आलं? ता-शेरा, म्हणजे 'ता' लावून तिखट केलेला शेराच ना?

जुना कारकून
नाही. जुन्या लिखाणात बंदुकांचा ताशेरा येतो, फैर या अर्थी. शेऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

मार्कंडेय काठ
माझा अंदाज वेगळा. ताशा वाजतो ना, तडतडतड, त्या आवाजावरून ताशेरा. शहापुरात शिवजयंतीला ऐका एकदा.

हुबळी-धारवाड फेरीवाला
पण मग 'ओढले' का? बंदूक झाडतात, ताशा बडवतात. ओढतात ती रेघ. लाल पेनाची. म्हणजे माझाच शेरा बरोबर.

निपाणीची अक्का
कोरडेही ओढतात.

जुना कारकून
कोरडे! हे मी विसरलो होतो. थांबा, बघून सांगतो.

शहापूरचा फळेवाला
मंडळी, उद्या रविवार. पुठ्ठा तयार आहे. 'नियम' हा मथळा धरला, उणीदुणी, फाटे, 'मी खोडीन', सगळं घेतलं. फक्त पहिल्या ओळीतली जागा कोरी आहे, 'वहीत आपले ____ लिहावे'. सांगता का कुणी?

स्वभाषा
टिप्पणी.

पुण्याहून एक बेळगावकर
'टिप्पणी' असेल तर 'लिहावी' होईल. 'आपली टिप्पणी लिहावी'.

निपाणीची अक्का
मत लिहा.

खानापूरकर
'मत' लिहिलं तर निवडणूक आली समजून लोक नावं लिहितील.

जुना कारकून
बघितलं. ताशेरे झाडतातही आणि ओढतातही, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा आहे. पण कोरडे ओढण्यातलं 'ओढणं' आणि रेघ ओढण्यातलं 'ओढणं' एकच आहे का, यावर माझ्या भाच्याचं मत वेगळं आहे. तो गोकाकला असतो. सोमवारी विचारून लिहितो.