शब्दचर्चा: संगम, सरमिसळ की गंगाजमनी?

इटलीच्या सिसिली बेटावरच्या मोनरेआले गावातल्या कॅथेड्रलवर (बिशपच्या मोठ्या चर्चवर) एक टिपण लिहितोय आणि एका शब्दापाशी गाडी अडलीये. नॉर्मन (म्हणजे मूळचे उत्तर फ्रान्सकडचे) राजा दुसरा विल्यम याने ११७० च्या दशकात बांधायला घेतलेलं हे देऊळ, आतून लॅटिन चर्चसारखं लांबोडकं, भिंतींवर बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक ख्रिस्ती साम्राज्याच्या धाटणीचं ६ हजार चौरस मीटरहून जास्त सोनेरी मोझॅक (चाळीतल्या लादीचं नव्हे हो, बारीक तुकडे बसवून केलेलं), आणि मागच्या बाजूने बघाल तर एकमेकींत गुंफलेल्या टोकदार कमानी, काळ्या लाव्हादगडाची नक्षी, सगळं अरबी वळणाचं. याला म्हणायचं काय?

आधी 'संगम' लिहिलं. पण संगमाच्या पुढे कुठलं पाणी कुणाचं ते कळत नाही, इथे तर लांबूनही कळतं. 'सरमिसळ' म्हटलं की डाळीत तांदूळ सांडल्यासारखं वाटतं. मग आठवला 'गंगाजमनी'. आमच्या आजीकडे अशी कळशी होती, अर्धी तांब्याची अर्धी पितळेची, सांधा उघड दिसायचा पण भांडं एकच. जवळच्याच चेफालूच्या कॅथेड्रलमधला ११४८ चा मोझॅकमधला ख्रिस्त बघा, हातात उघडं पुस्तक, एक पान ग्रीक, दुसरं लॅटिन, वचन तेच. सांधा लपवायचा प्रयत्नच नाही!

— शब्द झकास, पण ते धातू दोन झाले, इथे ग्रीक-लॅटिन-अरबी तीन आहेत ना? शिवाय हल्ली हिंदीमुळे 'गंगाजमनी तहजीब' एवढंच डोक्यात येतं. मी सरळ 'मिलाफ' लिहीन.

— साडीवाले गंगाजमुना म्हणतात तेव्हा काठ दोन रंगांचे आणि अंग तिसऱ्याच रंगाचं असतं, झाले की तीन :)

साडीचा मुद्दा एकदम मान्य. 'मिलाफ' गोड आहे पण त्यात राजीखुशी येते, आणि सिसिलीची राजधानी पालेर्मो नॉर्मनांनी १०७२ मध्ये अरबांकडून लढून घेतलंय, तिथल्या कॅथेड्रलच्या दक्षिण दारातल्या एका खांबावर कुराणातली आयत अजून कोरलेली दिसते, तिच्यासमोर उभं राहून मिलाफ म्हणवत नाही मला. तर गंगाजमनीच ठेवतो. आता तो 'जमनी' लिहू की 'जमुनी', तेवढं कुणीतरी सांगा, घरात दोन्ही ऐकलंय.