बाबांचे जुने फोटो क्लाउडवर टाकायचेत, तारखांचं काय करू?

बाबांच्या रोलच्या कॅमेऱ्याचे फोटो स्कॅन करून घेतले. हार्ड डिस्क भरत आली आहे. अडचण अशी की सगळ्यांवर स्कॅनची तारीख आली. मागे बाबांनी शाईने लिहिलंय, ‘पंढरपूर, आषाढी, १९८४’. ते हरवायला नको.

उत्तर : ताई, अपलोडची घाई नको, आधी तारखा लावा. डिजिकॅम हा फोटो सांभाळायचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात गठ्ठ्याने तारीख बदलता येते. दिवस आठवत नसेल तर महिन्याची एक तारीख टाका. फोल्डरला ‘१९८४-०७ पंढरपूर’ असं नाव द्या, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन कराच! ते अक्षर पुन्हा मिळणार नाही.

उत्तर : गुगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. त्यात ‘स्टोरेज सेव्हर’ हा जागा वाचवणारा पर्याय निवडलात तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात. स्कॅनसाठी मूळ दर्जाच ठेवा. नातेवाइकांचे फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून मागवू नका, मूळ तारीख पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून मागवा. हार्ड डिस्कवरचं मात्र काही काढू नका.

दादा, आभार. मागच्या बाजू आजच स्कॅन करायला घेते. साल नसलेल्या फोटोंसाठी आत्याला विचारते, तिला सगळी लग्नं पाठ आहेत.